सौरपंप आणि विहिरीचे पाणी

विहिरीवरील पंप हा बागायतदाराचा मुख्य आधार होय. परंतु त्यास लागणारी वीज पुष्कळ ठिकाणी रात्रीच्या पाळीत मिळते, आणि शेतकऱ्यास साप-विंचवाची भीती बाळगून अंधारात दारे धरावी लागतात. शिवाय देशातील विजेचा मोठा भाग अद्याप कोळसा जाळून मिळतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू हवेत साठतो, उष्णता धरून ठेवतो व पृथ्वीचे तापमान वाढवितो. या दोन्ही अडचणींवर सौरपंप हा एक उपाय आहे.

शासनाचे धोरण

हवामान-बदलास तोंड देण्यासाठी केंद्र सरकारने २००८ साली राष्ट्रीय कृति-आराखडा जाहीर केला. त्यातील आठ अभियानांपैकी सौर अभियान २०१० साली सुरू झाले. २०१९ साली मंजूर झालेल्या ‘प्रधानमंत्री-कुसुम’ योजनेने हेच धोरण शेताच्या बांधापर्यंत आणले. तिचे तीन भाग आहेत : पडीक जमिनीवर लहान सौर वीजकेंद्रे उभारणे, वीज न पोहोचलेल्या ठिकाणी स्वतंत्र सौरपंप बसविणे, आणि विजेवर चालणाऱ्या पंपांना सौरशक्तीची जोड देणे. महाराष्ट्रात २०२४ साली आलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण गटासाठी १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठरविण्यात आला.

धोका कोठे आहे?

डिझेलचा खर्च किंवा रात्रीचे जागरण यांमुळे उपशास आपोआप आळा बसे. सौरपंपास इंधन लागत नाही. ऊन असेतो तो चालू ठेवण्याचा मोह होतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कठीण खडकाचा असून त्याच्या भेगांत पाण्याचा साठा थोडाच असतो. एक एकर क्षेत्रास ५ सेंटिमीटर खोलीचे एक पाणी दिल्यास सुमारे २ लाख लिटर पाणी खर्ची पडते. शेजारच्या दहा विहिरींवर असाच उपसा झाला, तर उन्हाळ्यात सर्वांच्याच विहिरी कोरड्या पडतील. मग पंप व ऊन दोन्ही असूनही पीक वाळेल.

काय करावे?

१. पंपाची अश्वशक्ती विहिरीची खोली, पाण्याची आवक व ओलिताचे क्षेत्र पाहून निवडावी. मोठ्या पंपाने विहिरीतील पाणी वाढत नाही.

२. दर महिन्यास ठरलेल्या दिवशी, पंप सुरू करण्यापूर्वी, दोरीस वजन बांधून पाण्याची पातळी मोजावी व वहीत नोंदवावी.

३. सौरपंपास ठिबक सिंचनाची जोड द्यावी व पिकाच्या गरजेपुरतेच पाणी द्यावे.

४. पॅनेलांचे तोंड दक्षिणेकडे असावे व त्यांवर झाडाची सावली पडू देऊ नये. पॅनेल तापण्यापूर्वी, सकाळी, स्वच्छ पाण्याने व मऊ फडक्याने धूळ पुसावी.

५. पावसाळ्यापूर्वी नाला-बांध व शेतातील बांधबंदिस्ती दुरुस्त करून पाणी जमिनीत मुरवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सौरपंपाची माहिती देतानाच पाण्याचा ताळेबंदही गावासमोर मांडावा. विहिरींच्या पातळीच्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखविल्यास रब्बीत किती क्षेत्र ओलिताखाली घ्यावे, हे गावास वेळेवर ठरविता येईल. दिवसा मिळणाऱ्या विजेचा खरा लाभ विहिरीत पाणी टिकले तरच शेतकऱ्याच्या पदरी पडेल, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.