मिडसाईझ एसयूव्ही घ्यायचीय? आधी किलोमीटरचा हिशोब मांडा

धंदा जरा रुळावर आला, करंट अकाउंटला चार-साडेचार लाख शिल्लक दिसायला लागले, की सल्ले सुरू होतात. मेव्हणा म्हणतो मोठी गाडी घेऊन टाक, पार्टीसमोर वजन पडतं. मित्र म्हणतो टॅक्स वाचतो. शोरूमचा पोरगा म्हणतो, सर, महिन्याला फक्त एकोणीस हजार सहाशे. तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच फसायला होतं. व्हिडिओत आकडे भराभर गेले होते, इथे सावकाश मांडतो. वही घेऊन बसा.

मिडसाईझ म्हणजे क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड विटारा, हायरायडर, कुशाक, टायगुन या वर्गातल्या गाड्या. लांबी चार मीटरच्या वर, साधारण सव्वाचार मीटरच्या पुढे. हे चार मीटर फार महत्त्वाचे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे. डिझेल असेल तर सीसीची मर्यादा १५००. त्याच्या वर गेलात की सरळ ४० टक्के. आधी सेस धरून ४५ ते ५० टक्के लागायचे, त्यामुळे गाड्या स्वस्त झाल्या हे खरं. पण छोटी आणि मधली यांच्यातली दरी तशीच आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा तुमचं बारामतीत ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, प्रोप्रायटरशिप, जीएसटी नंबर आहे. तुम्ही १४ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी बघताय. या १४ लाखांत जीएसटीच ४ लाख आहे. आणि हे ४ लाख तुम्हाला परत मिळत नाहीत. माणसं नेणारी, ड्रायव्हर धरून १३ आसनांपर्यंतची गाडी घेतली तर इनपुट क्रेडिट बंद. टॅक्सीचा धंदा, ड्रायव्हिंग स्कूल किंवा गाड्या विकण्याचाच व्यवसाय असेल तर वेगळी गोष्ट. तुमचा नाही. गाडीच्या इन्शुरन्सवरचा आणि सर्व्हिसिंगच्या बिलावरचा जीएसटीसुद्धा मिळत नाही. "बिल धंद्याच्या नावावर घ्या, जीएसटी सुटेल" असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, कुठल्या नियमाने?

याच ठिकाणी पिकअपचा विचार करा. माल वाहणारी गाडी घेतली तर तिच्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. सगळा जीएसटी धरून १० लाखांची पिकअप असेल, तर १८ टक्क्यांच्या हिशोबाने दीड लाखाच्या आसपास रक्कम तुमच्या विक्रीवरच्या टॅक्समधून वळती होते. ठिबकच्या नळ्यांची बंडलं एसयूव्हीच्या डिकीत कोंबून नेणारे दुकानदार मी पाहिलेत. सीट फाटते, आतलं प्लास्टिक चरे पडून जातं, आणि विकायला काढली की घेणारा पहिल्यांदा तेच बघतो.

पुढे चला. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १२ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १४. म्हणजे आपल्या गाडीचे १,६८,०००. हीच गाडी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर नोंदवली तर २० टक्के, २,८०,०००. १,१२,००० चा फरक फक्त नावाचा. तुम्ही प्रोप्रायटर असाल तर गाडी तुमच्या नावावरच नोंदते आणि धंद्याच्या पुस्तकातही घेता येते, त्यामुळे तुमचा हा खर्च वाचतो. इन्शुरन्स ६०,००० धरू. गाडी १० लाखांच्या वर असल्याने डीलर १ टक्का टीसीएस कापतो, १४,०००. तो खर्च नाही, रिटर्नमध्ये तुमच्या इन्कम टॅक्समध्ये वळता होतो. फक्त पॅन नंबर बिलावर बरोबर आहे ना ते बघा. एकूण १६,४२,०००. कोटेशनमध्ये "हँडलिंग" नावाची ओळ दिसली तर ती कशाची ते तिथेच विचारा. बहुतेक वेळा विचारल्यावर ती ओळ लहान होते.

आता टॅक्स वाचतो म्हणजे किती वाचतो? गाडी आणि रोड टॅक्स मिळून पुस्तकात किंमत १५,६८,०००. इन्कम टॅक्समध्ये मोटारकारला वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, २,३५,२००. गाडी ७० टक्के धंद्याला आणि ३० टक्के घरच्या कामाला वापरत असाल तर १,६४,६४०. तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर पहिल्या वर्षी वाचलेला टॅक्स ३३,००० रुपये. कर्जाच्या व्याजाचाही धंद्याचा वाटा खर्चात जातो, तो धरला तर आणखी पंधरा हजार. पंधरा-सोळा लाख घालून पन्नास हजारांच्या आत टॅक्स वाचला. आणि तोसुद्धा गाडी वर्षात १८० दिवस वापरली तर. नाहीतर घसारा अर्धा. म्हणजे ३ ऑक्टोबरच्या आसपास सीमारेषा आहे. दिवाळीत किंवा डिसेंबरच्या डिस्काउंटमध्ये घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी अर्धाच घसारा मिळणार. (उलट पाडवा मार्चमध्ये आला तर मजा आहे, दहा-पंधरा दिवस वापरून अर्ध्या वर्षाचा घसारा!)

ईएमआयबद्दल एवढंच. १२ लाख कर्ज, ९.५ टक्के व्याज. पाच वर्षांना हप्ता २५,२०० आणि एकूण व्याज ३,१२,०००. सात वर्षांना हप्ता १९,६०० आणि व्याज ४,४७,०००. शोरूमचा पोरगा तुम्हाला दुसरा आकडा सांगतो. त्याची चूक नाही, त्याचं ते काम आहे.

आता मुख्य हिशोब. गाडी किलोमीटरला कितीला पडते? विचारलं तर लोक म्हणतात, आठ रुपये. ते फक्त पेट्रोल असतं, लिटरला १३ चा ॲव्हरेज आणि १०५ रुपये भाव धरून. बाकीचं मोजू. वर्षाला १५,००० किलोमीटर, पाच वर्षांत ७५,०००. टीसीएस सोडून गाडीला गेले १६,२८,०००. पाच वर्षांनी ७ लाखांना विकली असं धरू, म्हणजे ९,२८,००० गेले. व्याज ३,१२,०००. पुढच्या चार वर्षांचा इन्शुरन्स १,२०,०००. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून १,५०,०००. पेट्रोल ६,०६,०००. बेरीज २१,१६,०००. किलोमीटरला २८ रुपये.

हीच गाडी वर्षाला फक्त ८,००० किलोमीटर फिरली तर, विकताना पन्नास हजार जास्त आले आणि देखभाल एक लाखात भागली असं धरूनही, ४३ रुपये पडते. आणि ३०,००० फिरली तर, विकताना एक लाख कमी आले आणि देखभाल २,८०,००० झाली तरी, २० रुपयांच्या आत येते. आता तुमच्या गावातल्या ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करा आणि ड्रायव्हरसकट मोठ्या गाडीचा किलोमीटरचा दर विचारा. रोजचे किमान किलोमीटर आणि ड्रायव्हरचा भत्ता किती, तेही विचारा. दोन आकडे शेजारी लिहा. बारामतीतल्या बारामतीत दुकान-घर-गोडाऊन करणाऱ्या माणसाला नवी मिडसाईझ एसयूव्ही धंदा म्हणून परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हौस म्हणून घ्या, घरच्या पैशातून घ्या, कोण अडवतंय? पण सोलापूर, सांगली, नाशिक असं आठवड्याला चार दिवस फिरणाऱ्याचं गणित वेगळं आहे. त्याची कंबर वाचते, आणि वाटेतल्या दोन पार्ट्या जास्त होतात.

एक आकडा अजून राहिला, तो कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. डाउन पेमेंटचे ४,४२,००० आले कुठून? करंट अकाउंटमधून. म्हणजे ते तुमच्या मालाचे पैसे होते. ठिबकमध्ये शेतकऱ्याचं अनुदान जमा होईपर्यंत तुमची उधारी अडकलेली असते, आणि कंपनीला पैसे वेळेवर द्यावे लागतात. हे साडेचार लाख वर्षात चार वेळा फिरत असतील आणि प्रत्येक फेरीला १२ टक्के सुटत असतील, तर वर्षाचे २,१२,००० रुपये ते कमावत होते. गाडीत घातल्यावर ते फिरायचे थांबतात. सीझनला माल उचलायला पैसे नाहीत, गोडाऊन रिकामं, दारात गाडी उभी, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. म्हणून माझा ठोकताळा असा: तीन महिन्यांचा दुकानखर्च आणि एका सीझनचा माल बाजूला ठेवून जे उरतं, त्यातूनच डाउन पेमेंट.

एवढं करूनही गाडी लागणारच असेल, तर तीन-चार वर्षं जुनी बघा. सुरुवातीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. बघताना आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. ई-चलान बाकी आहेत का ते ऑनलाइन दिसतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. २०२२ ची गाडी, २५,००० किलोमीटर म्हणतात आणि चारही टायर २०२५ चे, तर मीटरवर शंका घ्या. दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला नव्याने भरायचा रोड टॅक्स धरून किंमत काढा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते.

डिझेल-पेट्रोलचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून हायवेला सलग वेगात चालावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटर चालवून बंद केली तर फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर मोठ्या खर्चाची वेळ येते. रोज लांब पल्ला असेल तरच डिझेल. व्हेरिएंट निवडतानाही टायर बघा. वरच्या मॉडेलला मोठी रिम असते, तिचे टायर महाग असतात आणि खड्ड्यात साईडवॉल लवकर फाटते. आपल्या रस्त्यांना खालचं किंवा मधलं मॉडेल बरं.

इन्शुरन्समध्ये एक गोष्ट लोक विसरतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेताना जुन्या कंपनीकडून तसं पत्र घ्या, स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट पुढच्या गाडीवर चालते. आणि पांढऱ्या पाटीची गाडी रिकामी उभी आहे म्हणून लग्नाला भाड्याने देऊ नका. अपघात झाला तर क्लेम अडकतो, पकडली तर आरटीओचा दंड वेगळा.

शेवटी विकतानाचं. गाडी धंद्याच्या पुस्तकात घेऊन घसारा लावला असेल, तर जीएसटी नंबर असलेल्याला विक्रीवरही जीएसटी बघावा लागतो, पण पूर्ण किमतीवर नाही. घसारा वजा जाता जी किंमत उरते, तिच्यापेक्षा जास्त जे मिळाले त्यावर १८ टक्के. कमी मिळाले तर काहीच नाही. त्यामुळे विक्रीची पावती आणि घसाऱ्याचा तक्ता एकाच फाईलला लावून ठेवा, सीए मार्चमध्ये तेच मागतो.