बालकांतील कोविड : सौम्य रोग व त्याची अपरिचित लक्षणे

फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगाव येथे एका निवासी शाळेच्या वसतिगृहात सव्वादोनशेच्या आसपास विद्यार्थी कोविडबाधित आढळले. एकाच छपराखाली राहणाऱ्या मुलांत श्वसनमार्गाचा विषाणू किती त्वरेने पसरतो, याचा हा आपल्याच जिल्ह्यातील दाखला आहे. म्हणून या रोगाचे बालकांतील स्वरूप प्रत्येक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

सामान्य स्वरूप : बहुसंख्य बालकांत हा रोग सौम्य असतो. ताप, खोकला, घसादुखी, नाक वाहणे, क्वचित उलटी वा जुलाब, एवढ्यावर तो थोड्या दिवसांत ओसरतो. कित्येक मुलांना तर काहीच जाणवत नाही. मात्र तान्ही मुले, तसेच जन्मजात हृदयरोग, मधुमेह, अतिस्थूलता किंवा आपल्या विदर्भात आढळणारा सिकलसेल यांपैकी काही असलेली मुले यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे.

तीव्रतेची खूण : श्वासाची गती हे तीव्रता ओळखण्याचे सोपे साधन होय. मूल शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या बालकात ४० किंवा अधिक, आणि पाच वर्षांवरील बालकात ३० किंवा अधिक श्वास भरल्यास ते चिंतेचे लक्षण समजावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, मूल सुस्त पडणे किंवा पाणीही न पिणे, ही धोक्याची चिन्हे आहेत.

अपरिचित लक्षणे : एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील वैद्यांना काही बालकांत एक वेगळाच विकार आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने १५ मे २०२० रोजी त्याची प्राथमिक व्याख्या प्रसिद्ध केली. मूळ संसर्गानंतर बहुधा दोन ते सहा आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच अनावर होते आणि हृदय, आतडी, त्वचा अशा अनेक इंद्रियांना दाह होतो. जपानचे डॉ. कावासाकी यांनी १९६७ साली वर्णिलेल्या रोगाशी त्याचे साम्य आहे.

यात खोकला नसूही शकतो. तीन दिवस वा अधिक टिकणारा ताप, पोटात तीव्र वेदना, उलट्या, जुलाब, अंगावर पुरळ, चिपडांवाचून लाल झालेले डोळे, लाल ओठ व जीभ, थंड पडलेले हातपाय ही त्याची लक्षणे होत. पोटदुखीमुळे आंत्रपुच्छाच्या विकाराचा भ्रम होतो. पहिला संसर्ग लक्षात आलेला नसल्याने पालकांना या दोहोंचा संबंध सुचत नाही. २०२२ नंतर हा विकार पुष्कळ विरळ झाला आहे; तथापि तो झाल्यास विलंब प्राणावर बेतू शकतो, आणि वेळीच रुग्णालयात उपचार मिळाल्यास बहुतेक मुले बरी होतात.

शिक्षकांचे कर्तव्य : आईबाप मजुरीसाठी परगावी गेलेले आणि मूल आजीपाशी, अशी घरे आपल्या गावांत थोडी नाहीत. अशा मुलाचा मागील महिन्याचा वृत्तांत शिक्षकालाच ठाऊक असतो. यास्तव पुढील गोष्टी कराव्यात :

१. तापामुळे गैरहजर राहिलेल्या मुलाच्या नावापुढे तशी नोंद करावी. घरात कोणी आजारी होते काय, हेही विचारून लिहून ठेवावे.

२. ते मूल परतल्यावर सहा आठवडे त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

३. वरील लक्षणे दिसल्यास पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि पूर्वीच्या तापाची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी. धोक्याचे चिन्ह असल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

४. वैद्यांच्या सल्ल्यावाचून औषध देऊ नये. ॲस्पिरिन तर मुळीच नाही.

५. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आजारी मुलास घरी विश्रांती घेऊ द्यावी. हजेरीसाठी त्याच्यावर सक्ती करू नये.

रोगाचे निदान करणे हे वैद्याचे काम आहे. परंतु निदानास लागणारी तारीख पुष्कळदा शाळेच्या हजेरीपटातच सापडते. म्हणून हजेरीपटातील प्रत्येक गैरहजेरीमागचे कारण शिक्षकांनी जाणून घ्यावे.