वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे : विमानतळावरची रांग

प्रश्न : धुळ्यातले एक कुटुंब आजीला घेऊन मुंबईहून प्रथमच विमानाने जाणार आहे. सरावलेले आणि नवखे प्रवासी सुरक्षा तपासणीच्या एकाच रांगेत का असतात?

उत्तर : वेगळ्या रांगांचा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत 2008 साली सॉल्ट लेक सिटी आणि डेन्व्हर विमानतळांवर स्कीच्या उतारांच्या खुणा रांगांना दिल्या गेल्या. हिरवे वर्तुळ लेकुरवाळ्या कुटुंबांना, निळा चौकोन अधूनमधून फिरणाऱ्यांना, काळा हिरा सराईतांना. रांग प्रवाशानेच निवडायची. कल्पना खरोखर शहाणी होती. घाईवाल्यांचा श्वास आजीच्या मानेवर पडत नाही!

आपल्याकडे डिसेंबर 2022 पासून डिजियात्रा आली. चेहरा हाच पास. पण ती प्रवेशद्वारापाशी वेळ वाचवते; बॅग एक्स-रेतून जाणे आणि अंगझडती कोणालाच चुकत नाही.

जळगावहून उडणारी एटीआर विमाने जेमतेम सत्तरेक आसनांची, त्यामुळे तिथली रांग आटोपशीर. मुंबईत तसे नाही. आजीसाठी व्हीलचेअर विमान कंपनीकडे आधीच नोंदवावी. पेसमेकर असल्यास कार्ड हाताशी ठेवून जवानाला आधी सांगावे. महिलांची झडती महिला कर्मचारीच पडद्याआड घेतात.

खानदेशी सामानाचे मात्र खास पथ्य. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. काळ्या मसाल्यासाठीच्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवाव्यात. तेलामुळे पेट घेण्याचा धोका म्हणून सुके खोबरे 2022 मध्ये चेक-इन सामानाच्या मनाई यादीत गेले.