नडगीला विचारून धाव

अगं, तुझा तक्ता पाहिला. फ्रीजवर लावलायस ते बरं केलंस. पण बुधवारच्या चौकोनात 'विश्रांती' छापलंय, त्यावर तू पेनने 'थोडंसं पळणे' लिहिलंस, तेही पाहिलं. म्हणून हे कागदावर उतरवतेय. फोनवर तू ऐकतेस कमी आणि 'हो मावशी' म्हणतेस जास्त.

तुझा हा नऊ आठवड्यांचा तक्ता मूळचा १९९६ सालचा. अमेरिकेतल्या जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने पन्नाशीतल्या आईला पळतं करायला तो बांधला. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. आठवड्यातून तीनच दिवस. तुला तो पोरखेळ वाटतो, कारण तू चोवीस वर्षांची आहेस. पण लेकाने आईसाठी बांधलेला आहे, तेव्हा त्यातलं चालणं काही भरतीचं नाही. ते गाळू नकोस.

मी गाळलं होतं. १५ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिम्पिक. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ही पहिली भारतीय बाई. मी तेव्हा बावन्न वर्षांची, बँकेत कॅशवर. दुसऱ्या दिवशी पहाटे तुझ्या काकांचे बूट दोन मोजे घालून चढवले आणि मैदानाला तीन चकरा मारल्या. चौथ्या आठवड्यात दहा मारत होते. धाप लागेना, झोप छान, चेहऱ्यावर तेज. बँकेत सगळ्यांना सांगत सुटले. सहाव्या आठवड्यात जिना उतरताना उजव्या नडगीतून अशी कळ आली की कठड्याला धरून खाली बसले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! माझं बाशिंग नडगीला होतं, एवढंच. पुढे दीड महिना पळणं बंद.

तर कानात सांगायचं ते हे. दम लवकर येतो, हाडं मागून येतात. पळायला लागलीस की थोड्याच दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. काही आठवड्यांत स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाटतं. तुला वाटतं, जमलं! पण हाडाचं काम घराच्या डागडुजीसारखं चालतं. गवंडी आधी जुना गिलावा खरवडतो आणि मग नवा लावतो. हाडही आधी थोडं पोखरलं जातं आणि मग भरून येतं, त्याला तीन-चार महिने लागतात. म्हणजे ज्या आठवड्यात तुला सगळ्यात मस्त वाटत असतं, नेमकी तेव्हा भिंत उघडी असते. तुझा बुधवार गवंड्याचा आहे. त्याच्या अंगावर नाचू नकोस.

पोटऱ्या भरून येणं, मांड्या जड होणं, हे चालायचंच. नडगीच्या कडेने लांबवर ठणकत असेल तर अंतर निम्मं कर आणि आठवडाभर बघ. पण दुखणारी जागा एका बोटाच्या टोकाने दाखवता आली, दाबल्यावर तिथेच कळ आली किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकलं, तर तक्ता फ्रीजवरून काढ आणि डॉक्टरकडे जा. स्प्रे मारून पळायचं नाही.

आता वेग. तुझ्या घड्याळात काय दिसतं ते मला सांगू नकोस. पळताना सतराचा पाढा म्हण, मोठ्याने. सतरा सक ते सतरा नव्वे एका सुरात गेलं तर वेग बरोबर. मध्येच घोट घेतल्यासारखं तुटलं तर हळू हो, आणि इतकी हळू की शेजारून चालणारे आजोबा पुढे गेले तरी चालेल. जाऊ देत त्यांना. (लोक बघतात म्हणून हसायचं नाही, चिडायचंही नाही. सातारकर पहाटे सगळ्यांकडेच बघतात.)

पाचव्या आठवड्यात एक गंमत आहे. मंगळवारी दोनदा ८ मिनिटं पळायचं, मध्ये ५ मिनिटं चालणं. आणि लगेच पुढच्या खेपेला सलग २० मिनिटं! हा आकडा बघून पुष्कळ जण तिथेच सोडतात. तू आदल्या खेपेपेक्षाही हळू निघ, पहिली १० मिनिटं लाज वाटेल इतकी हळू. नाहीच जमलं तर तो आठवडा पुन्हा कर. तक्त्याला तारीख नसते, आपणच घालतो. ताप आला, पाळीच्या दिवसांत अंग गळून गेलं, पाहुणे आले, तर बुडालेले दिवस पुढच्या आठवड्यात कोंबायचे नाहीत. बुडाले ते बुडाले.

आणि हिमोग्लोबिन तपासून घे. हळू पळूनही पाढा तुटत राहिला तर दोष पायांचा नसेलही. आपल्या घरातल्या बायकांचं रक्त कमीच असतं. तुझी आई वर्षानुवर्षं 'थकवा' म्हणत राहिली, ते आठव.

बूट संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. रंग बघून घेऊ नकोस, हे सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलायचे. निघण्याआधी अर्धं केळं पुरे. कुत्रं अंगावर आलं तर पळू नकोस, चालायला लाग. रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून.

घाटाचं मात्र सविस्तर सांगते. पुढच्या सप्टेंबरात तुला साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन करायची आहे, २१ किलोमीटर आणि वर थोडे मीटर, यवतेश्वर घाट चढून परत. नऊ आठवड्यांच्या तक्त्याने तू ५ किलोमीटरला पोचशील, तिथून पुढे रविवारचं लांबचं पळणं आठवड्याला किलोमीटरभर वाढव. दर चौथ्या रविवारी मात्र कमी कर. घाटात सगळे चढाला भितात. चढ फक्त दमवतो. पावलं लहान ठेव, नजर पुढच्या वळणावर ठेव, पाढा तुटला की सरळ चाल. मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीवरून उठवत नाही. लांब टांगा टाकत, टाच आपटत खाली यायचं नाही. बारीक, भरभर पावलं. आणि घाटात कधीपासून रंगवलेली ती 'अति घाई संकटात नेई' पाटी वाहनांसाठी आहे, असं समजू नकोस.

येत्या रविवारी साडेपाचला घाटाच्या पायथ्याशी ये. फक्त चालायचं आहे, पहिल्या मोठ्या वळणापर्यंत आणि परत. टॉर्च मी आणते. घड्याळ घरी ठेव, आणि बुधवारचं ते पेनने लिहिलेलं खोडून फोटो पाठव.