ज्येष्ठमधाची कांडी

पुणे

जुई,

काल वहिनीचा निशिकासाईहून फोन आला. जुईचा घसा महिनाभर बसलाय आणि तरी ती रेकॉर्डिंगला जाते, म्हणाली. खरं का हे? मला तर तू 'थोडी सर्दी आहे' म्हणालीस. दुखणं लपवायची ही खोड आपल्या घरात कुणाची, ते मला ठाऊक आहे. तू ती उचलायला नको होतीस.

तुझी भीती कळते गं. ॲनिमेच्या अर्ध्या तासाच्या भागाला आवाज दिला की पंधरा हजार येन, मग वाक्य एक असो की शंभर. ज्युनिअरची तीन वर्षं सरली की दर वाढतो आणि बोलावणी आटतात. तुझं हे तिसरं. म्हणून तुमच्या त्या 'गाया'ला, गर्दीच्या गलक्याला, तू दर वेळी पुढे होतेस. पण बसलेल्या घशाने किंचाळायचं? संहितेचं पान उलटताना सळसळू नये म्हणून श्वास रोखणारी मुलगी तू! कागदाला जपतेस तेवढं गळ्याला जप.

इचिरो नागाईंचं तूच सांगितलंस. 'साझाए-सान' या ॲनिमे मालिकेतल्या वडिलांचा, नामिहेईंचा, आवाज. १९६९पासून २०१४मध्ये जाईपर्यंत तेच. एवढी गाजलेली मालिका, तरी त्या भूमिकेवर घर चालत नाही, हे त्यांनी १९८८मध्ये आकड्यांनिशी लिहिलं. तरी चव्वेचाळीस वर्षं तो म्हातारा बोलत राहिला. गळा शाबूत होता म्हणून, जुई.

बावीस वर्षांची असताना एकांकिकेच्या अंतिम फेरीत मी सुजलेल्या घशाने ओरडले. भूमिका दुसरीला जाईल म्हणून आईला सांगितलं नाही. चार वाक्यांची दासी होती ती. तेव्हापासून वरचा सूर फाटतो. आत्या अंगाई मध्येच का थांबवते, विचारायचीस ना लहानपणी? म्हणून.

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. तू आवाज दिलेल्या त्या भाजीवालीचं 'इराश्शाइमासे' मी रोज एकदा लावते. जपानी कळत नाही, पण तू आहेस ते कळतं.

शेजारचा मुलगा शुक्रवारी टोकियोला येतोय. त्याच्याबरोबर ज्येष्ठमध आणि खडीसाखर पाठवते. कांडी गालात धरायची, चावायची नाही. आणि घशाच्या डॉक्टरांकडे उद्याच जा.

रविवारचा फोन पंधरा दिवस नको. तुझ्या आवाजावाचून करमणार नाही मला, तरी नको. दोन ओळी लिहून पाठव.

तुझी,
आत्या