छापील वेग आणि हाती येणारा वेग

माग विकणारा धोटा मिनिटाला किती फेऱ्या मारतो ते सांगतो. माग चालवणारा महिन्याकाठी किती मीटर कापड उतरले ते पाहतो. कांडी वेळेवर भरलेली नसेल, तार तुटली असेल, वीज गेली असेल, तर फेऱ्यांचा आकडा कागदावरच राहतो. संगणकाच्या बाजारातही हेच दोन आकडे असतात. फरक इतकाच की तिथे माग उभा आहे की चालू आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

आज लॅपटॉपच्या खोक्यावर ‘४० टॉप्स’ असे छापलेले असते आणि आमचे व्यापारी बंधू त्यासाठी जादा रक्कम मोजतात. हा आकडा काय सांगतो आणि काय झाकून ठेवतो, हे समजण्यासाठी आम्ही या लेखात एका जुन्या मायक्रोप्रोसेसरची हकिकत घेतली आहे. त्याचे नाव आय-८६०. अमेरिकेच्या इंटेल कंपनीने तो १९८९ साली बाजारात आणला. मॅट्रिक्स आणि व्हेक्टर यांचे हिशेब झपाट्याने करणे हाच त्याचा खास गुण होता.

मॅट्रिक्स या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. शिलाईच्या कारखान्यात हा हिशेब रोज होतो. समजा, एका कमीजला अडीच मीटर कापड आणि ८ बटणे लागतात. पायजम्याला दोन मीटर कापड लागते, बटण नाही. पहिल्या दुकानाची मागणी ४० कमीज आणि ३० पायजमे, दुसऱ्याची २० कमीज आणि ५० पायजमे. पहिल्यासाठी कापड ४० गुणिले अडीच अधिक ३० गुणिले दोन, म्हणजे १६० मीटर, आणि बटणे ३२०. दुसऱ्यासाठी कापड १५० मीटर आणि बटणे १६०. मागणीचे एक कोष्टक, मालाचे दुसरे, आणि दोहोंच्या गुणाकारातून खरेदीचे तिसरे. कोष्टक म्हणजे मॅट्रिक्स, त्यातली एक ओळ म्हणजे व्हेक्टर. काम एकच: गुणा, मिळवा, पुन्हा गुणा, पुन्हा मिळवा.

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र फिरते तेव्हाही हेच चाललेले असते. चित्राचा एक बिंदू अवकाशात फिरवायला साधारणपणे १६ गुणाकार आणि १२ बेरजा लागतात. एक लाख बिंदूंचे चित्र सेकंदाला ३० वेळा फिरवायचे तर हा आकडा ८ कोटी ४० लाखांवर जातो. हवामानाचा अंदाज, पुलाच्या मजबुतीचा हिशेब, आणि अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्ता, या सर्वांच्या पोटात हीच गुणाकार-बेरजेची गिरणी असते.

आय-८६० मध्ये दहा लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर होते. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. त्यात गुणाकार करणारा आणि बेरीज करणारा असे दोन वेगळे भाग होते आणि दोघे एकाच वेळी चालू शकत. घड्याळ सेकंदाला चार कोटी ठोके देई. प्रत्येक ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणून सेकंदाला आठ कोटी क्रिया. मोठ्या, जास्त अचूक संख्यांसाठी हा आकडा सहा कोटी होता. हे आकडे खोटे नव्हते. पण दोन्ही भाग एक क्षणही रिकामे बसले नाहीत तरच ते खरे ठरत.

आता मालाच्या आवकीकडे पाहू. बाहेरच्या मेमरीतून आत येणारा रस्ता दोन ठोक्यांना एक मोठी संख्या आणू शकत होता. एका गुणाकाराला दोन संख्या लागतात. दोन्ही दर वेळी बाहेरून आणायच्या तर चार ठोके गेले, आणि एवढ्या वेळात एक गुणाकार व एक बेरीज झाली. म्हणजे सेकंदाला दोन कोटी क्रिया. छापील आकडा सहा कोटी, हाती आले दोन कोटी. कारागीर दोन्ही हातांनी तयार, पण कापड पोचवणारा पोऱ्या एकच, तशातली गत.

यावर उपाय होता, आणि तो हुनराचा होता. चिपच्या आत आठ किलोबाइटची छोटी जागा होती. तिच्यात हजारभर मोठ्या संख्या मावत. कोष्टकाचे लहान तुकडे करून ते या जागेत आणायचे, एकदा आत आलेली संख्या पुन्हा पुन्हा वापरायची, आणि तिचे सगळे काम उरकल्यावरच ती बाहेर टाकायची. कापडाचे पंचवीस थर एकावर एक अंथरून एकाच आखणीवर कापणाऱ्या कटर उस्तादाला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

अडचण अशी की हे सारे बहुतेक हातानेच करावे लागे. या चिपमध्ये कोणता आकडा कोणत्या ठोक्याला कुठे असेल याचे भान प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठेवायचे होते. साध्या भाषेतला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ज्याला कंपायलर म्हणतात, ते त्या काळी जमले नाही. म्हणून ज्यांच्याकडे कसलेले लोक होते त्यांना ही चिप पावली. ज्यांनी नेहमीचे प्रोग्राम तिच्यावर चढवले त्यांच्या पदरी निराशा आली.

कसलेल्या हातांचा एक पुरावा नोंदलेला आहे. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत याच कुळातील ३,६८० प्रोसेसर जोडून उभारलेला पॅरागॉन हा महासंगणक जून १९९४ मध्ये जगात पहिला आला. त्याचा छापील वेग सेकंदाला १८४ अब्ज क्रियांचा, आणि कसोटीत प्रत्यक्ष मिळाला १४३ अब्ज. ती कसोटी मॅट्रिक्सच्याच गणिताची होती, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आपल्या महाराष्ट्राचाही या चिपशी संबंध आला. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० तयार झाला, तो ब्रिटिश ट्रान्सप्युटर चिपांवर. त्यापुढच्या परम ८६०० मध्ये आय-८६० जोडण्यात आला.

मग ही चिप घरोघरी का पोचली नाही? इंटेलने त्याच १९८९ साली आपला जुन्या घराण्यातील ४८६ हा प्रोसेसरही आणला. एकाच दुकानात दोन माल, आणि कोणता घ्यावा हे दुकानदारच ठामपणे सांगेना. त्या वेळचे कंपनीप्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी १९९६ सालच्या आपल्या पुस्तकात हे मोकळेपणाने मांडले आहे. कॉम्पॅक कंपनीचे प्रमुख जुनेच घराणे सुधारा म्हणत होते, तर मायक्रोसॉफ्टमधील मंडळी नव्याकडे ओढत होती. शेवटी जुन्या घराण्याची सरशी झाली, कारण ग्राहकांनी विकत घेतलेले सारे सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालत होते. आमच्या मते ग्राहकाचा निवाडा बरोबर होता. नवे यंत्र कितीही चपळ असले तरी जुने साचे त्यावर बसत नसतील, तर ते साचे पुन्हा घडवण्याचा खर्च किमतीत धरावाच लागतो.

आवकीचा प्रश्न त्या चिपबरोबर गेला नाही. गुगलने २०१५ पासून स्वतःच्या कामासाठी टीपीयू नावाची चिप वापरली. तिच्यात ६५,५३६ गुणाकार करणारे भाग आणि छापील वेग ९२ टॉप्स. एक टॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. तिच्या अभियंत्यांनी २०१७ साली स्वतःच प्रसिद्ध केले की तपासलेल्या सहा कामांपैकी चार कामे मेमरीच्या रस्त्यावर अडत होती. २०२० साली आलेल्या एनव्हिडियाच्या ए-१०० या चिपच्या माहितीपत्रकात ३१२ आणि ६२४ असे दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. दुसरा आकडा कोष्टकातील दर चार संख्यांपैकी दोन शून्य असतील तेव्हाचा.

तेव्हा खरेदीला जाताना विक्रेत्याला विचारावे: हा टॉप्सचा आकडा किती लहान संख्यांवर मोजला आहे? संख्या लहान धरली की आकडा फुगतो. मेमरी किती आणि तिचा वेग किती? आमचे नेहमीचे सॉफ्टवेअर या चिपचा हा भाग वापरते का? बिलाचा आणि मालसाठ्याचा साधा प्रोग्राम बहुधा वापरत नाही, आणि मग त्या टॉप्ससाठी दिलेले पैसे पडून राहतात. भरतकामाचे किंवा छपाईचे डिझाइन करणाऱ्यांनी आपली सर्वांत जड फाइल पेन ड्राइव्हवर सोबत न्यावी, दुकानातच ती दोन्ही यंत्रांवर उघडून घ्यावी, एकच बदल दोन्हीवर करून पाहावा आणि मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजावेत.