एकीला दोन गोळ्या, दुसरीला एकच : असं का?

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावातल्या दोघी जावांना अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोप मोडते. दोघी कोल्हापुरात एकाच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. थोरलीला हार्मोनच्या दोन गोळ्या मिळाल्या, धाकटीला एकच. थोरलीला वाटतं आपला आजार मोठा आहे, आणि धाकटीला वाटतं आपली स्वस्तात बोळवण केली. आशाताई म्हणतात, या गोळ्यांनी कॅन्सर होतो, दोघींच्याही बंद करा. मी काय सांगू?

उत्तर : धाकटीची गर्भाशयाची पिशवी काढलेली असणार. पत्रात तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण दोन आणि एक या हिशेबामागं बहुतेक वेळा तेवढंच कारण असतं.

पाळी जाते तेव्हा अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आटलेलं असतं. वाफा, घाम, रात्री दोन वाजता टक्क उघडणारे डोळे, चिडचिड, खालच्या जागेचा कोरडेपणा ही सगळी त्याची लक्षणं. बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की वाफांना जसा उतार पडतो तसा दुसऱ्या कुठल्याच औषधानं पडत नाही. पण त्याला एक खोड आहे. ते गर्भाशयाच्या आतलं अस्तर वाढवत राहतं. पाळीच्या वयात दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन येऊन या वाढीला लगाम घालतं आणि अस्तर पाळीवाटे झडून जातं. नुसतं इस्ट्रोजेन गिळत राहिलं तर लगाम घालायला कुणी नसतं, अस्तर वाढत जातं आणि पुढं तिथं कॅन्सर होऊ शकतो. थोरलीची दुसरी गोळी त्या राखणीसाठी आहे. धाकटीला पिशवीच नाही, मग राखण कशाची करायची?

हे शहाणपण आम्हा डॉक्टरांना जन्मजात नव्हतं. अमेरिकेत १९४२ साली प्रेमारिन नावाची इस्ट्रोजेनची गोळी आली. ती गरोदर घोड्यांच्या लघवीतून काढत, आणि 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' हे शब्द आखडूनच तिचं नाव बनलं. (ही माहिती गावात सांगू नका. गोळ्या त्याच दिवशी उकिरड्यावर जातील.) १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरानं या गोळीनं बाई कायम तरुण राहते असं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि खप वाढला. मग १९७५ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लागोपाठ दोन अभ्यास छापून आले : नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी जास्त. जोडीला प्रोजेस्टेरॉन देण्याची पद्धत रुजली ती त्यानंतर.

आशाताईंची भीती मात्र दुसऱ्या बातमीतून आली आहे. ती २००२ सालची. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात पिशवी असलेल्या १६,६०८ बायकांपैकी निम्म्यांना दोन्ही हार्मोन आणि निम्म्यांना खोटी गोळी देत होते. स्तनाचा कॅन्सर वाढतोय असं दिसल्यावर तो भाग मुदतीआधीच थांबवला. जगभर मथळे झाले, आणि आपल्याकडेही त्या एका आठवड्यात कित्येकींच्या गोळ्या सुटल्या. आकडा काय होता, हे फारसं कुणी विचारलं नाही. दहा हजार बायका वर्षभर खोटी गोळी घेत असतील तर त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर ३० जणींना, आणि हार्मोन घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. म्हणजे आठ जास्त. पक्षाघात आणि फुप्फुसातल्या गुठळ्याही जवळपास तेवढ्याच वाढल्या. खुब्याची हाडं मोडणं पाचांनी कमी झालं. जोखीम खरी आहे, ती लपवू नका. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. वाफांनी बेजार होऊन तुमच्याकडे येणारी बाई पंचेचाळीस-पन्नाशीची असते. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत गोळ्या सुरू केल्या तर बहुतेक निरोगी बायकांच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड राहतं, असं आता जगभरचे तज्ज्ञ मानतात.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग २००४ मध्ये थांबला. तो पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांवर होता आणि त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. पक्षाघात त्यांच्यातही वाढला. स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, उलट थोडा कमीच दिसला. ही बातमी कुणाच्या कानावर गेली नाही. आशाताई सांगतात ती भीती थोरलीच्या जोडगोळीची आहे, आणि ती धाकटीच्या माथी मारली जाते आहे.

इथं मला जरा थांबायचं आहे, कारण प्रश्न तुमच्या दोघी जावांपुरता नाही. नोव्हेंबर उजाडला की तुमच्या शिवारात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. कारखान्याच्या आडसाली उसात ज्या बायका मोळ्या उचलतात, त्यांच्यातल्या कित्येकींची पिशवी तिशीतच काढलेली असते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीनं बीड जिल्ह्यात पाहणी केली तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, खोपीत ना आडोसा ना पाणी, अंगावरून जायला लागलं की कुणीतरी 'पुढं कॅन्सर होईल' म्हणून घाबरवतं. कारणं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत. मला बोलायचंय ते ऑपरेशननंतरच्या वर्षांबद्दल.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील तर तिशीतल्या बाईला पाळी जाण्याचा धक्का एका रात्रीत बसतो. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१. तिचं इस्ट्रोजेन दहा-पंधरा वर्षं आधीच गेलं. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. साठीच्या बायकांचे ते २००२ चे आकडे तिला लागूच पडत नाहीत. मनाई करण्यासारखं कारण नसेल तर निसर्गानं पाळी जायच्या वयापर्यंत तरी तिला इस्ट्रोजेन मिळायला हवं. माझ्याकडे आलेल्या अशा बायकांच्या हातात बहुतेकदा कॅल्शियमच्या गोळ्यांचं पाकीट असतं, तेही रिकामं. जिला हार्मोनची सर्वांत जास्त गरज, तिलाच कॅन्सरची भीती घालून घरी पाठवतात. याचा मला राग येतो.

'पिशवी काढली' एवढ्यावर मात्र थांबू नका. या शब्दांतून अंडाशयं आहेत की गेली ते कळत नाही. बाईलाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. घरी पत्र्याच्या पेटीत डिस्चार्जचा कागद असतो, तो मागवून घ्या. त्यावर नुसतं 'टीएएच' असेल तर पोट उघडून फक्त पिशवी काढली. पुढं 'बीएसओ' असेल तर दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही गेल्या. अंडाशयं राहिली असतील तर वाफा लगेच येत नाहीत, पण ती नेहमीपेक्षा थोडी लवकर थकतात. आणि पाळी येतच नसल्यानं ती कधी गेली हे सांगायला महिन्याची खूणही उरत नाही.

गोळी सुरू करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, पण वाट दाखवायचं काम तुमचंच आहे. तिशीपुढच्या बायकांचा सीबॅक फॉर्म आशाताई भरतातच. त्यात स्तनातली गाठ आणि पाळी गेल्यावरचा रक्तस्राव हे प्रश्न आहेतच. त्याच वेळी वाफांचंही विचारायला सांगा. स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, पक्षाघात, हार्ट अटॅक, लिव्हरचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यांपैकी काहीही असेल तर हार्मोनची गोष्टच काढू नका आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर लाल डाग दिसला तर तो एकच असला तरी सोनोग्राफीला पाठवा. 'वयाचं आहे, होतं' असं कुणीही म्हणालं तरी पाठवा. बीपी मोजा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा, कारण धडधड, थकवा आणि घाम थायरॉइडनंही येतो. पंचेचाळिशीपुढच्या बाईला वाफा असतील आणि पाळी लांबत असेल तर हार्मोनची महागडी रक्ततपासणी सहसा लागत नाही.

गुठळीचा धोका थोडा जास्त वाटला तर डॉक्टर गोळीऐवजी कातडीवर चोळायची जेल देतात. ते इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जात नाही, म्हणून रक्त गोठण्याची भीती कमी. फक्त खालचा कोरडेपणा आणि वारंवार लघवीची जळजळ असेल तर आतून लावायची क्रीम पुरते. तिचा अंश रक्तात फारच थोडा उतरतो. आणि हो, या गोळ्या पाळणा लांबवत नाहीत. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढं दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावीच लागते.

थोरलीला सांगा, दुसरी गोळी 'उष्ण पडते' म्हणून मनानं सोडू नको. एक चालू ठेवून दुसरी सोडणं हे दोन्ही सोडण्यापेक्षा वाईट. धाकटीला सांगा, तुला कमी दिलं नाही. आणि दोघींच्या गोळ्या जिथं सुरू झाल्या तिथंच वर्षातून एकदा फेरतपासणी व्हायला हवी.

धाकटीचं ऑपरेशन कितव्या वर्षी झालं तेवढं विचारून ठेवा आणि तो कागद बघून घ्या. चाळिशीच्या आत झालं असेल आणि कागदावर बीएसओ असेल, तर ती एक गोळी किती वर्षं घ्यायची याचा हिशेब वेगळाच निघेल.